बेचाळीस विहिरी आणि एक न मोजलेली

ताई, नमस्कार.

मी पुण्यात पीएच.डी. करते आहे, हे तिसरं वर्ष. विषय भूजल आणि गाव. सिन्नर तालुक्यातल्या एका गावात ४२ विहिरींची पाणीपातळी मी ऑक्टोबर २०२३ पासून वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. २०२४ च्या उन्हाळ्यात एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या, निधीतून तिथे नाला खोलीकरण झालं, गाळ काढला गेला. माझी फेलोशिपही त्याच निधीतून येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरासरी पातळी आधीच्या ऑक्टोबरपेक्षा १.८ मीटरने वर होती. सगळे खूश आहेत.

पण गावाच्या वरच्या अंगाला, माळावर, वीस-बावीस घरांची भिल्ल वस्ती आहे. तिथली विहीर दोन्ही वर्षी मार्च सरायच्या आत आटली. ती माझ्या ४२ त नाही, कारण ती सिंचनाची नाही. तिथल्या एका आजींनी मला विचारलं, "बाई, तुमच्या टेपानं पाणी वर येतं का?"

माझे मार्गदर्शक सर भूजलशास्त्रज्ञ आहेत. ते म्हणतात, वस्तीवरच्या मुलाखती म्हणजे किस्से, परिशिष्टात टाक. सहमार्गदर्शक मॅडम समाजशास्त्राच्या. त्या म्हणतात, मोजमाप ही सत्तेची भाषा आहे, सरासरी सोड आणि वस्तीचं म्हणणं मध्यभागी आण. या दोघांच्या मध्ये माझं लिखाण सहा महिने अडकलंय.

आणखी एक. ज्यांच्या घरी मी राहते, जेवते, त्या काकांचं द्राक्षबागेसाठी शेततळं आहे, प्लास्टिकचं अस्तर घातलेलं आणि विहिरीवरून भरलेलं. गावात अशी ११ आहेत. तळी भरतात तेव्हा आजूबाजूच्या विहिरी उतरतात, हे माझ्या मापांत दिसतं. काकूंच्या हातचं खाऊन हे कसं लिहू? निधी देणाऱ्यांना जूनअखेर अहवाल हवाय, त्यात किती टीसीएम (हजार घनमीटर) साठवण झाली आणि किती पातळी वाढली एवढंच. आणि नोकरीच्या मुलाखतीत विचारतात, तुमचा विषय नक्की कोणता? मी दोन्हीकडचीही राहिले नाही असं वाटतं. काय करू?

दोन डगरींवर पाय ठेवलेली

*

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात अडचणी बऱ्याच आहेत, पण माझं मन एका वाक्यापाशी थांबलं आणि पुढे जाईना: "ती माझ्या ४२ त नाही, कारण ती सिंचनाची नाही."

सर आणि मॅडम यांच्यातला वाद सहा महिन्यांपूर्वी सुरू झाला असं तुला वाटतंय. माझ्या मते तो तू विहिरींची यादी केलीस त्या दिवशीच सुरू झाला. सिंचनाच्या विहिरी निवडणं ही भूजलशास्त्रातली साधी, सोयीची पद्धत आहे. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण त्या यादीने गावातलं कोणाचं पाणी मोजायचं आणि कोणाचं नाही हे ठरवून टाकलं, आणि ते कोणी मोठ्याने म्हटलंही नाही. शरच्चंद्र लेले आणि रिचर्ड नॉरगार्ड यांनी २००५ साली आंतरविद्याशाखीय संशोधनातल्या अडथळ्यांवर एक लेख लिहिला होता. त्यातला पहिलाच अडथळा हा आहे: काय मोजायचं हे ठरवण्यातच मूल्यं येऊन बसतात, निसर्गविज्ञानातसुद्धा. हे मान्य केलं नाही तर प्रत्येक जण आपल्याकडे शास्त्र आहे आणि समोरच्याकडे मतं आहेत असं समजून भांडतो. तुझ्या दोन मार्गदर्शकांचं हेच चाललंय.

‘शाश्वत’ हा शब्द घे. सरांसाठी टिकायला हवी ती जलधराची, म्हणजे जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थराची, पातळी. मॅडमसाठी टिकायला हवं ते न्याय्य वाटप. काकांसाठी द्राक्षबाग. कंपनीसाठी नाल्याचं काम आणि त्याचं नाव. आजींसाठी मार्चनंतरचं पाणी. पाचही जण शाश्वत पाण्याबद्दल बोलतात आणि पाचही जणांच्या डोळ्यांसमोर वेगळी वस्तू असते. म्हणून संख्या खऱ्या की मुलाखती खऱ्या, हा तुझ्यापुढचा प्रश्न नाही. टिकवायचं काय, कोणासाठी आणि कुठल्या महिन्यापर्यंत, हे प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात उघड लिहायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. माझं उत्तर: लिही. पहिल्याच पानावर.

आता तुझ्या १.८ मीटरकडे येते, कारण इथे मला काळजी वाटते.

राज्य सरकारने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सिन्नर होता. २०२४ चा पावसाळा चांगला झाला. तू पहिलं माप दुष्काळी वर्षात घेतलंस आणि दुसरं चांगल्या पावसानंतर, आणि मधल्या उन्हाळ्यात नाला खोल झाला. मग १.८ मीटरमधला पावसाचा वाटा किती आणि पोकलेनचा किती? आत्ताच्या मापांवरून हे सांगता येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी तुझ्या गावाच्या आसपास असतील आणि त्यांची मापंही तुझ्याच चार महिन्यांत होतात. जिथे नाला खोलीकरण झालं नाही अशा गावांतल्या विहिरी त्याच दोन ऑक्टोबरांत किती चढल्या, ते पाहा. त्यासुद्धा दीड मीटर चढल्या असतील तर सगळ्यांच्या आनंदातला बराचसा भाग पावसाचा आहे. ही चूक लहान नाही. जलयुक्त शिवार अभियानावर ९ हजार ६०० कोटी रुपयांच्या वर खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम झाला नाही, असं कॅगने २०२० मध्ये म्हटलं. साठवण किती ‘निर्माण’ झाली हे लिहिणं सोपं असतं. जमिनीखाली काय झालं हे सांगायला धीर लागतो.

म्हणून मॅडमचा ‘मोजमाप सोड’ हा सल्ला मी मानणार नाही. ज्याच्याकडे माप नाही त्याची तक्रार किस्सा ठरते, आणि किस्सा परिशिष्टात जातो. कोणाची तक्रार परिशिष्टात जाते, हे मॅडमना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. आजींच्या विहिरीला सगळ्यात जास्त गरज टेपाचीच आहे.

पण सरांनाही एक गोष्ट विचारायला हवी. गावात पाणी मोजायला माणसं कधी थांबली होती? जुने लोक विहिरीची खोली ‘परस’ या, माणसाच्या उंचीवरून धरलेल्या, मापात सांगतात. बागायतदार म्हणतो, "विहीर सध्या दोन तास चालते," म्हणजे मोटर दोन तास चालवली की पाणी तळाला जातं आणि पुन्हा साठायची वाट बघावी लागते. हे माप पातळीपेक्षा एका अर्थाने सरस आहे. पातळी दगडात पाणी कुठे आहे ते सांगते. मोटरचे तास ते पाणी किती वेगाने येतं हेही सांगतात. वस्तीवरच्या बायका खेपा आणि हंडे मोजतात. पहाटे चारला गेलं तर सहा हंडे, सातला गेलं तर दोन. हा डेटाच आहे. फक्त तो तुझ्या तक्त्यात बसेल अशा एककात नाही. तुझ्या मुलाखतींच्या वह्या पुन्हा उघड आणि जिथे जिथे तास, खेपा, हंडे, महिना, सण यांचा उल्लेख आहे तिथे खूण कर. "होळीला आटली" ही तारीख आहे.

यातून दोन्ही मार्गदर्शकांना एकत्र बसवणारं एक माप निघू शकतं: पाऊस संपल्यापासून विहिरीने किती दिवस साथ दिली. हे प्रत्येक विहिरीसाठी काढ आणि त्या विहिरीवर कोणती घरं अवलंबून आहेत ते तिच्यापुढे लिही. सरांना यात जलधराचा स्वभाव दिसेल, मॅडमना वाटप दिसेल. एकाच तक्त्यात. सरासरी काढायचीच असेल तर विहिरींची काढण्याबरोबर घरांचीही काढ. ४२ विहिरींची सरासरी आणि गावातल्या सगळ्या घरांची सरासरी, हे दोन आकडे शेजारी ठेवलेस की मधला फरक कोणाला समजावून सांगावा लागणार नाही.

आता वस्तीची विहीर का आटते, हा प्रश्न. इथे घाई करू नकोस. वरच्या बाजूची विहीर, गरीब वस्ती, खाली श्रीमंतांची तळी, एवढं दिसलं की गोष्ट आपोआप जुळते. आणि ती चुकीची असू शकते.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा आहे. त्यात पाणी साठतं ते बहुतेक वरच्या कुजलेल्या मुरमात आणि भेगांत. नाल्याकाठी हा मुरूम जाड असतो, माळावर पातळ, आणि खाली लगेच काळा पाषाण लागतो. माळावरच्या विहिरीत पाणी लवकर येतं आणि लवकर निघूनही जातं, कारण ते उताराने खालीच वाहत असतं. त्यामुळे खालच्या ११ तळ्यांचा उपसा उद्या बंद झाला तरी वस्तीची विहीर मार्चमध्ये आटेल, ही शक्यता खरी आहे. मधे एखादा डाइक, म्हणजे जमिनीखालची दगडाची उभी भिंत, आडवा गेला असेल तर दोन्ही बाजूंच्या पाण्याचा एकमेकांशी संबंधच कमी असेल. "तळ्यांमुळे वस्तीची विहीर आटते" हे वाक्य भूगर्भशास्त्राचं आहे. त्याला भूगर्भशास्त्राचाच पुरावा लागतो. तो नसेल तर सर तुला अडवतील आणि त्यांनी अडवायलाच हवं.

मग वस्ती माळावर का आहे? हा प्रश्न सर विचारणार नाहीत. आपल्या बहुतेक गावांत नाल्याकाठची काळी जमीन आधीच कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असते आणि ज्यांच्या नावावर काही नाही त्यांच्या वाट्याला गायरान, खडक, माळ येतो. म्हणजे जिथे मुरूम पातळ, तिथेच भूमिहीन. तुझ्या हातात सरांनी करून घेतलेला दगडाचा नकाशा आहे आणि मॅडमनी करून घेतलेली घरांची यादी आहे. हे दोन्ही एकाच गावनकाशावर उतरव. तुझ्या प्रबंधातलं सगळ्यात मोलाचं पान तेच असेल असं मला मनापासून वाटतं, कारण आटण्याचं कारण दगडात आहे आणि त्या दगडावर ही माणसं असण्याचं कारण गावात आहे. एकट्या कुठल्याही शास्त्राला हे पूर्ण सांगता येत नाही.

शेततळ्यांचं गणितही असंच करून बघ. मी इथे ढोबळ मांडते, तू तुझ्या मापांनी दुरुस्त कर. वरच्या तोंडाला ३० बाय ३० मीटर आणि तीन मीटर खोल तळं, बाजूंचा उतार धरून, साधारण २० लाख लिटरचं होतं. आपल्या मुरूम-बेसाल्टमधून सुटून येणारं पाणी घनफळाच्या एक ते तीन टक्के. दोन धरू. एक हेक्टर जमिनीखाली पातळी एक मीटर उतरली तर १० हजार घनमीटर थर रिकामा होतो आणि त्यातून पाणी निघतं २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. याचा अर्थ, विहिरीवरून एक तळं एकदा भरायचं तर १० हेक्टरांखालची, म्हणजे २५ एकरांखालची पातळी एक मीटर खाली जायला हवी. ११ तळी, ११० हेक्टर. अर्थात हे कधी भरलं जातं यावर बरंच अवलंबून आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात नाले वाहत असताना उपसलं तर विहीर पुन्हा भरते. डिसेंबरात उपसलं तर ते शेजाऱ्याच्या जानेवारीतलं पाणी असतं. तळी कुठल्या महिन्यात भरतात याची नोंद तुझ्या पत्रात नाही. ती आधी घे.

दुसरा हिशेब वाफेचा. एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्यातून रोज सात मिलीमीटर पाणी उडून जातं असं धरलं, तर भरलेल्या तळ्याच्या ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून दिवसाला सहा हजार लिटरच्या वर पाणी हवेत जातं. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी जल जीवन मिशनचं प्रमाण आहे माणशी दिवसाला ५५ लिटर. म्हणजे एका तळ्याची रोजची वाफ शंभराहून जास्त माणसांच्या घरच्या पाण्याएवढी. तुझ्या वस्तीत वीस-बावीस घरं. मोज किती माणसं होतात.

हे वाक्य लिहायला तुला उपशाचा आणि वस्तीच्या विहिरीचा संबंध सिद्ध करावा लागत नाही. गावात इतकं पाणी वाफ होऊन जातं आणि त्याच गावात शंभर माणसं मार्चनंतर कोरडी असतात, हे दोन्ही खरं आहे आणि शेजारी शेजारी आहे. कारण सांगणारं वाक्य वेगळं आणि न्याय विचारणारं वाक्य वेगळं. पहिल्यावर सरांचा हक्क आहे, दुसऱ्यावर मॅडमचा आग्रह योग्य आहे. तुझे सहा महिने अडले ते ही दोन वाक्यं एकात एक गुंतल्यामुळे, असं मला वाटतं.

आपल्याकडे हे दुसरं वाक्य विचारणारी माणसं अभियंत्यांतूनही निघाली आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. ते अभियंते होते, पंप आणि पाइपलाइन त्यांना अवघड नव्हती. अवघड होतं ते वाटपाचं सूत्र: पाण्याचा वाटा जमिनीवर ठरणार नाही, घरातल्या माणसांवर ठरेल. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, उसाला बंदी, आणि भूमिहीनालाही वाटा. पाणी थोडं आहे हे तंत्राने सांगितलं. थोडं आहे म्हणून ते कोणाचं, हे कुठल्याही यंत्राने सांगितलं नसतं. ते ठरवावं लागलं. तुझ्या प्रबंधात असं सूत्र तू सुचवावंस असं माझं म्हणणं नाही. ठरवण्याची जागा कुठे आहे, एवढं तरी दाखव.

काकांबद्दल.

खाल्ल्या मिठाला जागायचं आणि खरंही लिहायचं, याची ओढाताण मला कळते. ती तुला होते आहे हे चांगलं लक्षण आहे, ती संपवायच्या मागे लागू नकोस. पण काकांना खलनायक करू नकोस. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर, ऐन उन्हाळ्यात बागेला पाणी लागतं. एक उन्हाळा चुकला तर पुढचा हंगाम जातो, आणि बागेवर कर्ज असतं. शेततळ्याला सरकारनेच अनुदान दिलं. मुळात कल्पना पावसाचं वाहतं पाणी अडवण्याची होती. अस्तर घालून विहिरीवरून भरायची रीत नंतर रुळली, कारण अनिश्चित उन्हाळ्यात तेच एक पाणी स्वतःच्या ताब्यात राहतं. काका लोभाने वागत नाहीत, भीतीने वागतात. आणि प्रत्येकाने आपापल्या भीतीपोटी उपसलं की जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी ११ खड्ड्यांत जाऊन बसतं. हे तुझ्या प्रबंधात यायला हवं. त्यासाठी बागेचं अर्थकारण कळणारा माणूस लागेल, आणि तो तुझ्या दोन मार्गदर्शकांत नाही.

लिहिण्याआधी काकांना सांग. छापून आल्यावर त्यांना दुसऱ्याकडून कळता कामा नये. संध्याकाळी ओट्यावर बस, त्यांच्याच विहिरीची दोन वर्षांची मापं त्यांना दाखव, वाफेचा हिशेब त्यांच्यासमोर मांड आणि विचार, "काका, तुम्हाला काय वाटतं?" खरं लिहायची परवानगी मागू नकोस, पण त्यांचं म्हणणं आधी ऐक आणि ते त्यांच्या शब्दांत लिही. नाव बदलून भागणार नाही हेही लक्षात ठेव. एका गावात कोणाचं तळं कुठे आहे हे शाळकरी पोराला माहीत असतं. विहिरींचे ठिपके असलेला नकाशा छापू नकोस, ११ तळ्यांचा एकत्र हिशेब दे. माझं गणित बघ, त्यात एकाही माणसाच्या नावाची गरज पडली नाही. गावात सांगायची वेळ आली तर आधी तळेवाल्यांना, मग वस्तीला, आणि शेवटी ग्रामसभेत, या क्रमाने सांग. ज्यांनी तुला विहिरीत टेप सोडू दिली त्यांना ग्रामसभेत अचानक उभं करणं हा विश्वासघात होईल.

हे सगळं मी इतक्या ठामपणे सांगते आहे त्याला कारण आहे. १९९० च्या दशकात मी एका पाणलोट प्रकल्पाच्या मूल्यमापनाला गेले होते. मी माती बघणारी, सोबत एक अर्थतज्ज्ञ. गावाने चराईबंदी पाळली होती. डोंगर हिरवा झाला होता, विहिरी चढल्या होत्या, संकरित गाई आल्या होत्या. आमच्या तक्त्यात एक रकाना होता, ‘शेळ्यांची संख्या’, आणि ती घटली हे आम्ही यशाच्या बाजूला लिहिलं. निघायच्या दिवशी एक बाई भेटली. तिच्या सात शेळ्या बंदीच्या पहिल्या वर्षी विकाव्या लागल्या होत्या. जमीन नव्हती, शेळ्या हेच काय ते होतं. ती म्हणाली, "गवत झालं खरं. पण गाय नाही माझ्याकडे." मी ते वहीत लिहून घेतलं. अहवालात घातलं नाही, कारण एका बाईचं म्हणणं कुठल्या रकान्यात घालायचं हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. तो अहवाल पुढे दुसऱ्या गावांना दाखवला गेला. ती वही अजून माझ्याकडे आहे.

म्हणून निधी देणाऱ्यांच्या अहवालाबद्दल स्पष्ट सांगते. टीसीएमचा आकडा दे, तो खोटा नाही. पातळीवाढीचा आकडा देताना त्याच वाक्यात पावसाचा फरक लिही. आणि एक परिच्छेद वस्तीच्या विहिरीबद्दल असायलाच हवा. त्यांनी तो काढायला सांगितलं तर सरांना पुढे कर. तुझी फेलोशिप पणाला लावून एकटीने लढायची ही जागा नाही, आणि पावसाचा मुद्दा शास्त्रीय आहे, त्यावर सर तुझ्या बाजूने उभे राहतील. वस्तीच्या परिच्छेदाची भाषा नरम करावी लागली तर कर, परिच्छेद काढू नकोस. शक्य असेल तर पुढच्या कामात वस्तीवर एक टाकी आणि खालच्या चांगल्या विहिरीवरून पाइपलाइन सुचव. कंपन्यांना फोटो काढता येतील अशी कामं आवडतात, आणि हे तसं काम आहे.

नोकरीचं थोडक्यात. जाहिरातीत ‘संबंधित विषयातील पीएच.डी.’ असं लिहिलेलं असतं आणि छाननी करणारा शीर्षक वाचतो. तुझं घर भूजलशास्त्र आहे. पदवी त्याची, हात त्यावर बसलेला. शीर्षकात आणि पद्धतीच्या प्रकरणात ते ठळक असू दे, निदान एक लेख त्या विषयाच्या नियतकालिकात येऊ दे. समाजशास्त्र तुला शिकवता आलं पाहिजे असं नाही, त्याच्याशी बोलता आलं पाहिजे. दोन्ही विषयांत सारखंच पारंगत व्हायचा हट्ट धरलास तर प्रबंध संपणार नाही. आणि पुण्या-मुंबईत पाणी, शेती, समाज यांवर एकत्र काम करणाऱ्या संस्था आहेत. तिथे ‘तुमचा विषय नक्की कोणता’ या प्रश्नाला ‘सिन्नरचं पाणी’ हे उत्तर चालतं.

राहिले तुझे दोन मार्गदर्शक. त्यांची बैठक विभागात घेऊ नकोस. तिथे प्रत्येक जण आपल्या खुर्चीवरून बोलतो. मेची फेरी जवळ आली आहे. दोघांनाही त्या फेरीला गावात ने, एकाच गाडीने. सकाळी मॅडमच्या हातात टेप दे आणि दहा विहिरींची पातळी त्यांना घेऊ दे. पहाटे चारला सरांना वस्तीवर ने, बायका पाण्याला निघतात तेव्हा, आणि एक खेप त्यांच्याबरोबर चालायला सांग. दुपारी कोणी काही सिद्ध करू नये. जेवण काकूंकडे होऊ दे.

जाण्यापूर्वी वस्तीवरच्या माणसांना विचारून त्या विहिरीच्या काठावर एक खूण कर, दरवेळी तिथूनच माप घ्यायचं अशी. मेमध्ये ती कोरडी असेल. कोरडी असं लिही, तारीख घाल. वहीत तिला ४३ हा क्रमांक दे.